बांडीनं काढलेला पिच्चर

मी बांडी. कारभारी आबांच्या कळपातली शेळी. मुक्काम बिडकीनच्या अलीकडं, वय सात. शेळ्यांच्या हिशोबानं चाळिशी उलटलेली बाई समजा मला. पोट सुटलंय, हनुवटीला चार केस आलेत आणि बसलेली उठताना तोंडातून नको तो आवाज निघतो. अंगावर दोनच रंग, काळा आणि पांढरा, म्हणून नाव बांडी. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी स्वतःला कॅमेरामन म्हटलं की जे हसायचं ते तुम्ही आत्ताच हसून घ्याल.

होय, कॅमेरामन. एका पिच्चरच्या शेवटी पाटी येते, तिच्यावर माझं नाव आहे. मला वाचता येत नाही, पण लोक नेमके तिथं टाळ्या वाजवतात, त्यावरून समजलं.

माझ्या आईला तीन पिल्लं झाली आणि तिला सड दोन. मी तिसरी. आबांची मुलगी अंबिका तेव्हा शाळेत होती. तिनं मला बाटलीनं दूध पाजलं. त्यामुळं ती माझी आई लागते का बहीण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती जाईल तिकडं मी जाते, एवढं खरं.

अंबिकाला लहानपणापासून चित्रांचा नाद. भिंतीवर कोळशानं आमच्या सगळ्यांचे चेहरे काढून ठेवले होते तिनं. माझ्या तोंडाचं तिनं काय केलं होतं ते बोलायला नको, पण ओळखू येत होतं. बारावी झाल्यावर ती शहरात, संभाजीनगरला, चित्रकलेच्या कॉलेजात जायला लागली. सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी परत यायची आणि आम्हाला चरायला काढायची. आमच्याकडं कंपन्यांसाठी मोठेमोठे सिमेंटचे रस्ते झालेत. कंपन्या येतायत हळूहळू. तोवर रस्त्याकडंचं गवत आमचं.

तिथं बसून ती मला कॉलेजातलं सांगायची. माणसांना सांगून उपयोग नव्हता. माणसं मधेच विचारायची, "मग ह्याला नोकरी कशाची लागती?" मी मधे काही विचारत नाही. चावत राहते.

एका संध्याकाळी ती फार चिडून आली. "बांडे, आज जाहेदा मॅडमनी वर्गाचे पडदे ओढून पिच्चर दाखवला. त्यात एक खिडकी होती. नुसती खिडकी. भिंतीवरचं ऊन इकडून तिकडं सरकलं आणि पिच्चर संपला."

मला त्यात वावगं काही वाटलं नाही. मी रोज तेच बघते.

पुढच्या आठवड्यात आणखी एक. कुणीतरी कॅमेरा घेतलाच नव्हता, फिल्मच्या पट्टीवर सुईनं ओरखडे काढले होते आणि पडद्यावर नुसत्या रेघा नाचल्या. "ह्याला पिच्चर म्हणायचं का?" असं ती मला दहादा विचारत होती. आणि त्याच रविवारी घरात ओरडा झाला. बघते तर अंबिका सुई घेऊन एका काळ्या एक्सरेवर रेघा ओढत बसलेली, आणि राजाबाई, म्हणजे तिची आई, कमरेवर हात ठेवून उभी.

"अगं भवाने, माझा गुडघा हाय तो."

"आई, गुडघा आतून लई भारी दिसतो गं. बघ, उजेडात धर."

राजाबाईनं धरला. बघितला. "व्हय गं," म्हणाली, "पण डॉक्टरला काय दाखवू, तुझ्या रेघा?"

तेव्हापासून अंबिका बघायलाच लागली. पाण्याच्या टाकीवर पडलेली सावली बघायची, ट्रक गेल्यावर खाली बसणारी धूळ बघायची. आंबून गेलेल्या ताकाकडंसुद्धा बघायची. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून माझ्याकडं बघायची आणि म्हणायची, "वस्तूपेक्षा वस्तूभोवतीची रिकामी जागा महत्त्वाची असते, बांडे." कॉलेजात त्याला काहीतरी मोठं नाव आहे. आमच्यात कुंपणातल्या रिकाम्या जागेला भोक म्हणतात, आणि त्याचं महत्त्व मला कुणी शिकवावं लागलं नाही.

तशी ह्या विषयात मी तिच्या पुढंच होते. माझी बुबुळं आडवी आहेत. मान न वळवता मला जवळजवळ मागचंसुद्धा दिसतं. तुम्हाला पुढचं एवढंसं दिसतं आणि त्यातही तुम्ही चौकट करता. असो.

प्रकरण पेटलं ते भाऊबीजेला. राजाबाईचा भाऊ रामेश्वर बजाजनगरातनं आला. वाळूजला एका कंपनीत चांगल्या कामावर आहे, इस्त्रीचा शर्ट घालतो, माझ्या जवळनं जाताना श्वास रोखून धरतो. ओवाळून झाल्यावर म्हणाला, "दाजी, इकडं नवी कंपनी सुरू व्हायलीय. पॅकिंगला पोरी घेत्यात. मी अंबिकाचं बोलून ठेवलंय."

अंबिका म्हणाली, "मामा, मला पुढची दोन वर्षं शिकायचंय. मॅडम म्हणतायत शीक."

मग आबा बोलले. आबा सहसा बोलत नाहीत, त्यामुळं मीसुद्धा रवंथ थांबवला.

"हाटेलावर लोक विचारत्यात, पोरगी काय शिकती. मी म्हणतो, चित्रं. तर तू आता चित्रं बी काढीनास. पिच्चर काढतीस, आन त्यात गोष्ट नाय म्हणतीस. चार वर्षं झाली, मला माझ्या पोरीचं काम सांगता येईना. मी खाली मान घालून चहा पितो." मग म्हणाले, "तुझा शेवटच्या परीक्षेचा पिच्चर मी बघायला येणार. मला कळला तर खुशाल शीक. नाय कळला तर मामाच्या कंपनीत जायचं. बोल."

अंबिका म्हणाली, "बरं."

काय बोलून बसली ते तिला गोठ्यात आल्यावर समजलं. माझ्या पाठीवर डोकं टेकून म्हणाली, "त्यात कळायसारखं असतंय काय, बांडे?"

मग तिची धावपळ. आधी तिनं ठरवलं, आबांवरच पिच्चर काढायचा. आबा नवा फेटा बांधून, हात मांड्यांना चिकटवून खांबासारखे उभे राहिले.

"आबा, चला ना थोडं."

"हाललो तर फोटो बिघडतो."

मग तिनं कळप काढला, मावळतीच्या उजेडात, धुरळा सोनेरी वगैरे. मी त्यात फार छान दिसले असं माझं मत. जाहेदा मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "ये तो कॅलेंडर है बेटा. खाली दुकानाचं नाव टाक, झालं."

तिच्या वर्गात रिझवान नावाचा मुलगा आहे. त्याच्या चाचांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा. त्यानं तिला काडेपेटीएवढा कॅमेरा दिला, जो ते नवरदेवाच्या गाडीच्या बॉनेटला लावतात. तो घेऊन ती रानात आली. तहान लागली म्हणून हात मोकळे करायला तिनं तो पट्ट्यासकट माझ्या गळ्यात अडकवला आणि बाटलीचं टोपण उघडलं.

तेवढ्यात मला रामच्या कुंपणातली ती रिकामी जागा दिसली.

राम आमचा शेजारी. कापूस लावतो, आणि कापसाच्या पाल्याबद्दल मला वाटणारी ओढ त्याला पटत नाही. मी आत गेले. पोट भरत आलं तेवढ्यात अंबिकानं मला कानाला धरून बाहेर ओढलं. रामला अजून पत्ता नाही, तुम्हीही सांगू नका.

त्या कॅमेऱ्यात जे निघालं ते बघून मॅडम खुर्ची पुढं ओढून बसल्या. परत लावायला सांगितलं. पडद्यावर गवत समुद्रासारखं हलत होतं. मधेच आभाळ उलटं व्हायचं, एकदम एक पान पडदाभर व्हायचं, आणि आवाज म्हणाल तर माझ्या दातांचा. अंबिकानं नंतर मोबाईलवर दाखवलं तेव्हा मला ऐकूनच संकोच वाटला. मी एवढी जोरात खाते, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"अंबिका," मॅडम म्हणाल्या, "ह्यात तू कुठंच नाहीस. बहोत अच्छा हुआ. आता हेच कर."

राजाबाईनं जुन्या लुगड्याच्या काठाचा मऊ पट्टा शिवून दिला आणि माझं काम सुरू झालं. सुरुवातीला मी बिघडलेच. मान वर, पावलं सावकाश, बोरीचा पाला एकेक करून, जशी काही लग्नात वरमाय जेवते तशी.

"बांडे, नखरे बंद," अंबिका ओरडली. "रोज खातीस तशी खा, वचावचा."

कॅमेरा माझ्याकडं बघत नाहीये, माझ्याकडून बघतोय, हे मला उशिरा उमगलं. ह्या वयात होतं असं.

सगळं जोडून झाल्यावर रिझवाननं तिला सल्ला दिला. "अंबिका, एक गाना डाल दे. और पीछे से एक आवाज, शेळीची कहाणी सांगणारी. तेरे अब्बा एकदम खुश. पास तो होना है ना तेरेको?"

तिनं टाकलं. आठवडाभर तिच्या मोबाईलवर ते गाणं वाजत होतं. मग एकदा रस्त्याकडंला बसून तिनं ते मला पहिल्यापासून दाखवलं. बघता बघता तिचं तोंड पडत गेलं. "हे आबांना कळंल," म्हणाली, "पण हा माझा पिच्चर नाही गं." तिथंच रिझवानला फोन लावला आणि गाणं, कहाणी, सगळं काढायला सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "मग कंपनीचा डबा घेऊन ठेव." ती हसली. फोन ठेवल्यावर मात्र नखं खात बसली. मी बाभळीच्या शेंगा खाल्ल्या. सोबत म्हणून.

कॉलेजात प्रदर्शनाचा दिवस आला. मॅडमनी निरोप धाडला होता, कॅमेरामनला पण आणा, नाव लावलंय तर तोंड दाखवायला नको का. रिझवानच्या चाचांच्या छोट्या टेम्पोत आबा, राजाबाई आणि मी. आबांनी तोच नवा फेटा बांधलेला. वाटेत ते तो सारखा चाचपत होते. राजाबाई तेवढी म्हणाली, "अवो, नाय कळलं तरी मान हालवा. पोरीचं तोंड बघा जरा." आबा म्हणाले, "खोटी मान हालवायला मी काय नंदीबैल हाय?"

मला हॉलच्या दाराशी कडुनिंबाला बांधलं. शेजारी एका मुलीनं हिरव्या पाल्याचं मोठं गोल काहीतरी रचून ठेवलं होतं. ती कलाकृती आहे, हे मला अर्धी झाल्यावर कळलं. ती मुलगी आली, बघितलं, आणि म्हणाली की राहू दे, आता बरं दिसतंय. शिकलेली माणसं समजूतदार असतात.

उकाड्यामुळं दार उघडंच होतं. आत अंधार झाला आणि पडदा उजळला. आबा पुढच्या रांगेत ताठ बसलेले. अंबिका मागं भिंतीला टेकून उभी. तिचं लक्ष पडद्याकडं नव्हतंच, ती आबांच्या मानेकडं बघत होती.

गवत आलं. आभाळ आलं. माझ्या दातांचा आवाज आला. आबांनी जांभई दिली. अंबिकानं डोळे मिटून घेतले. राजाबाईनं आबांना कोपर मारलं. आबा हलले नाहीत.

मग पडद्यावर बांध आला, उलटा-सुलटा हलत. बोरीचं झुडूप आलं. आबा जरा पुढं सरकले. मग काट्यांचं कुंपण, जवळ, आणखी जवळ, आणि त्यातली ती काळी रिकामी जागा, सगळा पडदा व्यापून. पलीकडं पांढरं पांढरं काहीतरी. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

आणि भरल्या हॉलमध्ये आबा उभे राहिले.

"हर्रर्र, बांडेऽऽ. मागं फीर. रामचा कापूस हाय त्यो, मागं फीर म्हणतो ना."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? सात वर्षं त्या आवाजाला मी वळत आले. दोरी तुटली का सुटली ते आठवत नाही. मी दारातनं आत, खुर्च्यांमधनं वाट काढत, थेट आबांपुढं. पडद्यावरची मी कापसात शिरत होते आणि खालची मी आज्ञेत उभी होते. लोक म्हणतात, माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या ठिगळावर पिच्चरचा उजेड पडला होता आणि तिथं मीच चरत होते. मला पाठ दिसते बऱ्यापैकी, पण तेवढी नाही. राहिलं बघायचं.

हॉल हसून हसून आडवा झाला. मग टाळ्या. दिवे लागले तेव्हा आबा एका हातात फेटा आणि दुसऱ्या हातात माझा कान धरून उभे होते, शाळेत पकडलेल्या पोरासारखे.

अंबिका पुढं आली. "आबा, कळला का?"

"कळायचं काय त्यात?" आबा खेकसले. "माझंच रान हाय." मग माझा कान सोडला, डोक्यावरनं हात फिरवला. "जनम गेला ह्यांच्या मागनं चालण्यात. ढुंगणंच बघितली. म्होरं काय दिसतं ह्यांना, ते कधी ध्यानात नाय आलं." फेटा परत बांधायला लागले. "गावात मात्र दाखवू नको हे. राम बघंल."

"म्हणजे शिकू ना पुढं?"

"अगं, मी हितं उभा राहून बोंबललो," आबा म्हणाले. "आणखी काय पायजे तुला?"

राजाबाई डोळ्याला पदर लावून हसत होती. जाहेदा मॅडम रिझवानला म्हणाल्या, "देख, गाना नक्को था."

टेम्पोत बसल्या बसल्या आबांनी रामेश्वरला फोन लावला. "पोरगी येत नाय कंपनीत. तिचं काम चालू हाय." तिकडून विचारलं असणार, कसलं काम. आबांनी माझ्याकडं बघितलं. "शेळीला काय दिसतं, ते ती शिकती." तिकडून आणखी काहीतरी विचारलं. "त्याचा उपेग काय ते तिला इचार," आबा म्हणाले. "मला एवढंच म्हाईत." हेच वाक्य ते आता हाटेलावरही सांगतात. लोक हसतात. आबाही हसतात, आणि चहा मान वर करून पितात.

अंबिकाचं पुढचं शिक्षण सुरू झालंय. सध्या ती कॅमेरा राजाबाईच्या डोक्यावरच्या घागरीला बांधायच्या मागं आहे आणि राजाबाई तयार नाही. मी निवृत्त झाले. पट्टा माझ्या थोरल्या लेकीच्या गळ्यात आहे. ती फार हलते, पण आजकाल तसंच चालतं म्हणे.

तुम्हाला एकच सांगणं. कधी अंधारात बसून असलं काही बघत असाल, ज्यात गोष्ट नाही, गाणं नाही, आणि तुमच्या शेजारचा माणूस मधेच उठून ओरडला, तर त्याला गप्प बस म्हणू नका. तो आत पोचलाय. जमलं तर तुम्ही पण थोडं पुढं सरकून बसा.