वाकळेच्या घडीत

मित्रांनो, माझ्याजवळ बसणार असाल तर जरा लांबच बसा, कारण माझ्या अंगावरची धूळ आता कोणी पुसत नाही. मी एक जुना संगणक आहे. लातुरात एका डाळ मिलच्या मागच्या गल्लीत, देविदासच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीखालच्या टेबलावर माझी अकरा वर्षं गेली. देविदास त्याच मिलमध्ये वजनकाट्यावर कामाला आहे. एका क्लासवाल्याने नवे संगणक घेतले तेव्हा देविदासने त्याच्याकडून मला घरी आणलं. त्याच्या बायकोने, अयोध्याने, मला हळदकुंकू वाहिलं आणि पुढे पंधरा दिवस ती मला हात लावायला घाबरत होती.

पण नंतर तीच माझी खरी मालकीण झाली. दहावी शिकलेली ती बाई, एकेक अक्षर शोधत टायपिंग शिकली आणि गल्लीतल्या पोरापोरींचे फॉर्म भरून देऊ लागली. मिल शेजारीच असल्यामुळे तूरडाळीची पिवळी भुकटी सारखी माझ्या नाकातोंडात जायची. अयोध्या दर महिन्याला माझं झाकण उघडायची आणि ब्रशने पंखा झाडायची. त्या काळात माझं कौतुकही फार झालं. मला ते आवडायचं, कशाला खोटं बोलू?

टाळेबंदीत तिची मुलगी तनुजा हिची शाळा माझ्यावरच भरली. एकदा अयोध्याने माईक तपासायला घेतला. "तने, सुरू हाय का गं ह्ये? मी बोलायलेय, ऐकू यायलंय का? कुकर बंद कर आधी, दोन शिट्ट्या झाल्या." एवढंच. पावणेदोन मिनिटांची ती फाईल मी जपून ठेवली.

गेल्या वर्षीच्या श्रावणात मूत्रपिंडाच्या दुखण्याने अयोध्या गेली. तिचा मोबाईल दवाखान्याच्या धावपळीत हरवला होता. म्हणजे तिचा आवाज आता जगात फक्त माझ्या हार्ड डिस्कमध्ये होता. तनुजा रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की कानाला हेडफोन लावायची आणि तो ऐकायची. देविदासने विचारलं तर "अभ्यास करायलेय" म्हणायची. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नाही. फक्त मला माहीत होती.

अयोध्या गेल्यावर माझं झाकण कोणी उघडलं नाही. भुकटी साचत गेली. या भाद्रपदात माझ्या पोटातून कटकट आवाज यायला लागला आणि एका सकाळी मी सुरूच झालो नाही. तनुजाचा चेहरा मला अजून दिसतो. तिने दुरुस्तीवाल्या वीरण्णाला फोन लावला. तो म्हणाला, "डिस्क काढून आण, बाळ. मी दुसरीत उतरवून देतो. पण आदळू नको, लई नाजूक असते ती."

दुसऱ्याच दिवशी घरात दसरा काढायचा होता. घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुऊन काढायची, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. गेल्या वर्षी दुःखामुळे तो निघाला नव्हता. म्हणून देविदासच्या थोरल्या बहीण कावेरीबाई औशाहून मुद्दाम आल्या होत्या. आठ दिवसांतून एकदा येणारं नळाचं पाणी त्याच दिवशी येणार होतं, त्यातच सगळं उरकायचं. तनुजाने पहाटेपासून डबे धुतले, जाळ्या काढल्या, फरशी पुसली. मग जरा उसंत मिळताच तिने मला उघडलं, आईच्याच ब्रशने झाडलं आणि डिस्क काढून हातात घेतली. दुपारी ती वीरण्णाकडे न्यायची होती.

टेबल ओलं होतं, फरशी ओली होती. डिस्कला धक्का लागू नये म्हणून तिने पलंगावरच्या वाकळेच्या, म्हणजे गोधडीच्या, घडीत ती अलगद ठेवली. घरात तेवढीच जागा कोरडी आणि मऊ होती.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "पाणी आलं वो." तनुजा घागरी घेऊन धावली. कावेरीबाई आत आल्या, पलंगावरच्या सगळ्या वाकळा कवेत घेतल्या आणि अंगणात उकळत्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या. मी हे पाहत होतो. माझं झाकण उघडं, पोट रिकामं. मला एक अक्षरही उमटवता येत नव्हतं. मित्रांनो, इतकं लाचार मला कधीच वाटलं नव्हतं.

पिंप भरून तनुजा आत आली तेव्हा पलंग मोकळा होता. बाहेर वाकळांवर धोपाटणं वाजत होतं.

"तने, वाकळंत कायतरी टणक लागायलंय बग," कावेरीबाई म्हणाल्या.

संध्याकाळी वीरण्णा दुकान बंद करून आमच्या घरी आला. त्याने डिस्क कानाजवळ धरून हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. "मार लागून चकती मोडली. ह्यातून आता काय निघत न्हाई," असं म्हणून त्याने ती तनुजाच्या हातात परत दिली.

तुम्ही विचाराल, डिस्क गेली तर तुला हे सगळं कसं आठवतं? अहो, डिस्कमध्ये फायली असतात. समोर पाहिलेलं माझ्या पत्र्यात मुरलं आहे.

कावेरीबाई घाबरल्या होत्या. दिवसभर सोड्यात राहून त्यांची बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. "काय व्हतं गं त्यात? कामाचं व्हतं का?"

तनुजाने त्या बोटांकडे पाहिलं. "न्हाई आत्या. शाळेच्या जुन्या फायली व्हत्या."

"मग बरं झालं बाई. माझा तर जीवच गेला व्हता," कावेरीबाई म्हणाल्या आणि वाळलेल्या वाकळांच्या घड्या घालायला बसल्या. देविदास म्हणाला, नवी डिस्क टाकू. तनुजाने मान डोलावली. नवी डिस्क अजून आलेली नाही आणि तिने मागितलीही नाही.

मित्रांनो, आमच्या यंत्रांच्या अंगावरची धूळ झाडा आणि जे जपायचं त्याची दुसरी प्रत आजच करा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमचं काही मोलाचं असेल तर ते कुठे आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. तनुजाने सांगितलं असतं तर कावेरीबाईंनी ती डिस्क दिवसभर पदराला बांधून ठेवली असती. आणि आता, त्या म्हाताऱ्या बाईचं मन मोडू नये म्हणून, तनुजा हे कोणालाच कधी सांगणार नाही.