निळा कागद

“निळा कागद गेला का गं?”

डोक्यावरची टोपी उतरवायच्या आधीच एमिलने विचारलं. हातातली कातडी पेटी लॉर्नाच्या टेबलावर टेकवून तो दम खात उभा राहिला. लिंकन शहरातल्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत ऐंशी पार केलेला हा माणूस जिने चढून आला होता. लिफ्टवर त्याचा कधीच विश्वास नव्हता.

लॉर्ना टेस्की सेनेटरच्या कचेरीत फोन घ्यायची. “तुमचं म्हणणं साहेबांपर्यंत पोचवते,” या एका वाक्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. उन्हाळ्यापासून एमिलसाठी त्यात आणखी एकाची भर पडली होती : “साहेबांचा विचार चाललाय.” हे वाक्य म्हणताना अलीकडे तिची जीभच उचलत नसे.

एमिल कुबिचेक न्हावी. सेनेटर वॉरन हॅलस्टेड आईच्या मांडीवर रडत बसले होते तेव्हाचे त्यांचे केस त्यानेच कापले होते, आणि आजही टीव्हीवर बोलायचं असलं की साहेब त्यालाच बोलावत. त्याची मुलगी ज्युडिथ वकील. राष्ट्राध्यक्षांनी तिचं नाव न्यायाधीशपदासाठी सुचवलं होतं. पण सेनेटची रीत अशी, की त्या राज्याच्या सेनेटरने निळा कागद सही करून परत धाडल्याशिवाय नाव पुढे सरकायचं नाही. नकार द्यावा लागत नाही. कागद खणात पडू द्यायचा, झालं. नाताळाच्या तोंडावर सभागृह उठलं की नाव आपोआप बाद.

ज्युडिथने नवी अशिलं घेणं कधीच थांबवलं होतं. न्यायाधीश होऊ घातलेल्या बाईने कोणाची बाजू घ्यायची? कचेरीची पाटीसुद्धा तिने उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती.

आणि कागद का अडलाय ते लॉर्नाला माहीत होतं. दार उघडं राहिलं होतं त्या दिवशी साहेब आत म्हणाले होते, “बाई सोन्यासारखी आहे. पण समोरच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलेलं नाव मी पुढे केलं, तर निवडणुकीत माझेच लोक मला घरी बसवतील.”

“लॉर्नाबाई, गप्पा नंतर!” आतून सचिव ट्रेंटने मुंडकं बाहेर काढलं. “साहेब खुर्चीत बसलेत. कॅमेरावाले आलेत खाली. का त्यांना तुमच्या हातचा केक खायला घालून थोपवताय?”

“थोपवते की. तूही खाऊन बघ, तोंड तरी बंद राहील.”

ट्रेंट हसत आत गेला. एमिलच्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर डाग पडत होता. लॉर्ना त्या डागाकडे बघत राहिली.

“एमिलकाका,” ती हळूच म्हणाली, “जाणार नाही तो कागद.”

“या आठवड्यात?”

“कधीच नाही. ज्युडीला आता ताटकळत ठेवू नका.”

एमिलने टोपी काढली, टोपीच्या आत बघितलं, जणू तिथे काही लिहिलेलं असावं. लॉर्नाला वाटलं, हा आता पेटी उचलून परत फिरणार. फिरला असता तर तिला बरंच वाटलं असतं.

“गरम पाणी दे,” तो म्हणाला. “माणूस खुर्चीत बसलाय ना!”

ती पाणी घेऊन आत गेली आणि टॉवेल धरून उभी राहिली. पांढऱ्या चादरीतून सेनेटरचं नुसतं डोकं वर आलं होतं. चेहरा थकलेला दिसत होता.

“राजकारणात राम राहिला नाही, एमिल,” साहेब म्हणाले. “माझे वडील सेनेटर होते तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक एकत्र जेवायला बसायचे. आता न्यायाधीशाचं नाव आलं की आधी विचारतात, कोणाचा माणूस? मी आज तेच बोलणार आहे. न्यायालयं तरी या चिखलातून वाचवा.”

कात्री चालत राहिली.

“ज्युडिथ कशी आहे?”

“वाट बघतेय.”

वस्तरा मानेवर थांबला. लॉर्नाच्या हातातला टॉवेल चुरगळला.

“अजून काही ठरलेलं नाही, बरं का. विचार चाललाय माझा. तुम्हाला तर माहितीये, मी—”

“मान खाली घे, वॉरन.”

सेनेटरची मान खाली गेली. वस्तरा कानामागून सरळ खाली उतरला, एरवी उतरायचा तसाच. कुठे ओरखडा नाही. एमिलने पावडर लावली, मऊ ब्रश फिरवला, चादर कडेकडेने गोळा केली.

शेवटी गोल आरसा मागे धरून गिऱ्हाइकाला मान दाखवायची, ही त्याची सवय. आज त्याने आरसा न काढताच पेटी बंद केली.

“आरसा विसरलात?” साहेब हसले.

“मागचं मी बघितलंय,” एमिल म्हणाला.

बाहेर येऊन त्याने लॉर्नाच्या टेबलावरचा फोन जवळ ओढला. आत कॅमेऱ्याचे दिवे लागले होते. साहेबांचा भारदस्त आवाज येत होता, “प्रत्येक नावाचा मी मोकळ्या मनाने विचार करतो...”

“ज्युडी? मी बोलतोय. पाटी लाव परत.” तो थोडा वेळ ऐकत राहिला. “लाव म्हटलं ना, बाळा. ...कोणी नाही सांगितलं. त्याची मान ओळखतो मी.”

फोन ठेवला. बाहीवर एक पांढरा केस चिकटला होता. लॉर्नाने झटकायला हात पुढे केला, तोवर त्याने तो चिमटीत धरून केराच्या टोपलीत टाकला होता. मग टोपी घालून तो जिन्याकडे वळला.

फोन वाजू लागला. लॉर्नाने तो उचलला नाही. जिन्यावरची पावलं अजून ऐकू येत होती.