राबाखालचं कोनफळ

मी कोनफळाचा एक जुना कंद आहे. मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. बाहेरून मी मातकट, केसाळ आणि वेडावाकडा. बाजारात पहिल्या नजरेत मला कुणी पसंत करत नाही. पण एकदा कापून बघा! आतला जांभळा रंग बघून विळीवर चालणारा हातसुद्धा क्षणभर थांबतो. एवढी फुशारकी मला मारू द्या, कारण बाकीचं आयुष्य मी अंधारातच काढतो.

वय विचाराल तर मात्र पंचाईत आहे. माझं अंग दर वर्षी नवं असतं. पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या डोक्यातून कोंब फुटतो. त्याला पानं येईपर्यंत त्याचं पोट मीच भरतो. भरता भरता मी सुरकुततो, पोकळ होतो आणि मातीत विरून जातो. तोवर वेल कुंपणावर चढलेला असतो. मग राबायची पाळी पानांची. ती उन्हात साखर तयार करतात, ती साखर वेलातून खाली उतरते आणि वेलाच्या बुडाशी नवा कंद धरतो. तोही मीच. आता तुम्हीच सांगा, मी म्हातारा की तान्हा?

माझं घर तलासरी तालुक्यातल्या उधव्याला, बायजीच्या दारात. बायजी लग्न होऊन इथे आली, तेव्हा तिच्या आईने वाणगावच्या बाजूच्या आपल्या पाड्यावरून मला फडक्यात बांधून तिच्याबरोबर दिलं. आज तिकडे आई नाही, घरही दुसऱ्यांचं झालं. आईच्या हातचं म्हणून बायजीपाशी उरलो तो मी एकटाच. थंडीत वेल वाळला की ती मला खणायची. अंग शिजवून सगळ्या पाड्याला वाटायची, पण वरचं डोकं कुणालाच द्यायची नाही. ते लगेच परत मातीत ठेवायची. वाळलेला वेल वाऱ्याने उडून गेला की जमिनीवर माझी काहीच खूण राहत नाही, म्हणून त्या जागेवर ती एक करवंटी उपडी ठेवायची.

गेल्या उन्हाळ्यात बायजी मोतीबिंदू काढायला डहाणूला गेली. मुलगा मुकेश तिच्यासोबत गेला. घरी राहिली नवी सून, निलम. ती डहाणू रोडजवळच्या सरावलीची. मोठी गुणी पोर, आणि सासूच्या मनात भरायची तिला भारी हौस. सासू परत येईपर्यंत अंगण लख्ख करायचं, असं तिने ठरवलं. झाडता झाडता तिने माझ्यावरची करवंटी उचलली आणि जळणात टाकली.

एवढ्यावर भागलं असतं. पण दिवस राब भाजायचे होते. भाताची रोपं जिथे पेरायची, त्या जागेवर आमच्याकडे फांद्या, पाला आणि शेण पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. त्याने तण मरतं आणि रोप जोमाने येतं. यंदा राब मोठा दिसला पाहिजे, म्हणून निलमने फांद्या थेट कुंपणापर्यंत पसरल्या. मी त्यांच्याखाली गाढ झोपलेलो. सकाळी वारा पडलेला बघून तिने काडी लावली.

मित्रांनो, मला पाय असते तर मी पळालो असतो. माती आधी कोमट झाली, मग तापली आणि माझ्या डोक्यावरची साल तडतडली. ज्या डोक्यातून दर वर्षी कोंब फुटायचा, तेच भाजून निघालं. मी फार घाबरलो होतो.

बायजी डोळ्यांवर काळा चष्मा लावून आली. अंगण बघून हसली, राख बघितली आणि हसू गेलं.

"अठं करवंटी व्हती ना गं?"

"मी टाकली ती, आई. कचरा वाटला मला."

बायजी मटकन खाली बसली. हातांनीच राख उकरू लागली. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं, ते ती साफ विसरली. तिच्या मागे निलम उभी. झालं काय ते तिला कळेना, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं कळत होतं. मुकेशने हळूच सांगितलं, "आजीनं दिलेलं कोनफळ गं ते." तेव्हा ती रडायलाच लागली.

मी सापडलो. वरून भाजलेला, खालून कच्चा. बायजीने मला नाकाशी धरलं, खालच्या सालीवर नख मारून बघितलं. भाजलेला भाग तिने कापून वेगळा काढला, त्याला मीठ लावलं आणि तो सुनेच्या हातात दिला.

"भाजलंस ना, मंग खा आता. बेस भाजलंय."

निलम रडत रडत खात होती. उरलेल्या कच्च्या भागाचे बायजीने दोन तुकडे केले आणि कापलेल्या बाजूला त्याच राबाची राख चोळली. एक तुकडा कुंपणाजवळ पुरला. दुसरा पदराच्या टोकात बांधता बांधता थांबली आणि निलमपुढे केला. "एकाच जागी ठेवलां, म्हणून असां झालां. माहेरी जाशील तं हा तुझ्या आयसच्या दारात लाव."

बायजीने जन्मभर डोकंच लावलं होतं. शेपटाकडून मी उगवतो की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगू? मलाही नव्हतं. बटाट्यासारखे मला डोळे नसतात. डोकं नसेल तर सालीखाली नवा कोंब पहिल्यापासून घडवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

पाऊस लागला. सगळ्यांच्या कुंपणांवर वेल चढले. बायजीच्या कुंपणावर काही नाही. ती रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. एक दिवस तिने माती बाजूला केली. खालच्या तुकड्याचं कुजून पाणी झालं होतं. तिने माती परत सारखी केली.

पण निलमने सरावलीला नेलेल्या तुकड्यातही मीच होतो. तिथे निलमची आई बारकी हिने मला रताळ्यांच्या वाफ्याशेजारी लावलं होतं. रताळं म्हणजे खरंखुरं मूळ. अन्न साठवता साठवता ते मूळच आतून थरावर थर चढवून फुगतं. भारी मिजासखोर! वेल जिथे टेकेल तिथे नवी मुळं सोडतं, म्हणून बारकी त्याचे वेल मधूनमधून उचलून ठेवायची, नाहीतर अन्न दहा ठिकाणी वाटलं जातं आणि एकही रताळं पोसत नाही. त्यांची पानं गच्च झाली तरी मी आपला कोराच. आणि मग, सगळ्यांनी नाद सोडल्यावर, सालीखाली काहीतरी टोचलं. मी उगवलो!

उशीर झाला होता. पण नवरात्रानंतर दिवस रात्रीपेक्षा लहान झाले, तसा वेलाने चढणं थांबवलं आणि मिळेल ते सगळं खाली धाडलं. साखरेचं पिठूळ पिष्ट होऊन माझ्या अंगात भरलं. खालचं कोवळं टोक माती सारत खोल गेलं आणि वर मी जाड होत गेलो. मोठा नाही झालो. ओंजळीत मावेन एवढाच.

थंडीत निलमने मला खणलं आणि फडक्यात बांधून उधव्याला आणलं. बायजी अंगणात भात पाखडत होती. तिने गाठ सोडली, नखाने साल खरवडली आणि आतला जांभळा रंग दिसल्यावर मला गालाशी धरून बसली.

"निले, माझी आयस गेल्यापासून मला माहेरून कोणीच काय धाडलां नव्हतां गं. आज तुझ्या आयसनं धाडलां."

मित्रांनो, तुम्हीही कधी कंद खणाल, तेव्हा पोटभर खा, पण त्याचा एक जिवंत तुकडा परत मातीत ठेवा आणि एक दुसऱ्याच्या दारात द्या. आम्हाला जपायचं म्हणजे एवढंच. या खेपेला बायजीने मला चुलीवर चढवलं नाही. मधोमध कापलं, डोक्याकडचा भाग सुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, "जागा तू ठरव."