साडेनऊ पावलं

तिने छत्री उघडली आणि ट्रक थांबला.

मागचं चाक तेलाच्या रिकाम्या डब्यापासून चार बोटांवर होतं. तिने वाकून पाहिलं, छत्री मिटली आणि खिडकीतून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या डोक्याकडे बघून मान हलवली.

“पुन्हा,” तो म्हणाला.

“अहो, सकाळपासून अकरा वेळा झालं. शेजारच्या बाई गच्चीवरून बघताहेत. ऊन नाही, पाऊस नाही, आणि मी आपली छत्री उघडतेय नि मिटतेय.”

“बघू दे त्यांना. उद्या कुणी बघितलं नाही म्हणजे मिळवली.”

उद्या कॅलेंडरचे फोटो होते. जुन्या, लांब नाकाच्या डिझेल ट्रकच्या मालकांचं एक मंडळ होतं. सभासद चाळीस, सगळ्यांचे ट्रक एकाच धाटणीचे आणि सगळेच आपला ट्रक आपण चालवणारे. दरवर्षी त्यांच्यातल्या बारा जणांची पाळी यायची, एका महिन्याला एक मालक आणि त्याचा ट्रक. कॅलेंडर डिझेल पंपांवर, सुट्या भागांच्या दुकानांत, वजनकाट्यांवर वर्षभर लटकायचं, त्यामुळे ज्याचा महिना असेल तो तेवढे दिवस जरा छाती काढूनच हिंडायचा. पण हा मान फुकट मिळत नसे. मंडळाच्या आवारात चुन्याच्या दोन रेषा आखलेल्या असत. त्यांच्यामधून ट्रक उलटा, एका दमात, मागच्या भिंतीपर्यंत न्यायचा. केबिनमध्ये मालक एकटा. बाहेरून कुणी ‘येऊ दे, येऊ दे’ करायचं नाही. चाक रेषेला लागलं, की फोटो नाही. पुढची पाळी येईल तेव्हा या.

ही पद्धत घालून दिली होती हिच्याच नवऱ्याने. बोळ कितीही अरुंद असो, ट्रक जाईल की अडकेल हे तो खाली न उतरता सांगायचा आणि त्यात बोटभराचाही फरक पडत नसे. म्हणून सगळे त्याला मोजपट्टी म्हणत. त्याचं खरं नाव आता मंडळाच्या सभासद यादीत तेवढं उरलं होतं.

त्या मोजपट्टीचा डावा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डॉक्टरांनी सांगितलं, ट्रक बंद. घरी पोहोचेपर्यंत त्याने ते ऐकलंच नव्हतं असं करून टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो माल भरायला निघाला तेव्हा ही डबा घेऊन क्लीनरच्या जागेवर जाऊन बसली, ती आजतागायत. डावी मोकळी. डावीकडे स्कूटर. थांबा. आता घ्या. दोन वर्षं ती डोळ्यांत तेल घालून एकाच आरशात बघत आली होती. ज्या गावांतून गेली, त्यांची फक्त डावी बाजू तिला ठाऊक होती. मंडळातले लोक हसायचे. या वयात मोजपट्टीला बायकोवाचून करमेनासं झालंय, असं म्हणायचे. तीही हसायची.

मग गेल्या महिन्यात ती सायकल आली. वळणावर, डावीकडून, पाठीला दप्तर लावलेली मुलगी. हिला ती दिसायला एक पळ उशीर झाला. ही किंचाळली, त्याने ब्रेक मारला, आणि मुलगी मागे न बघता निघून गेली. तिला काही कळलंसुद्धा नाही. त्यानंतर त्याने त्या सायकलचं कधी नाव काढलं नाही. हिची झोप मात्र तेव्हापासून उडाली ती उडालीच. डोळा लागला की दप्तर दिसायचं.

“आता बास झालं,” ती त्याला म्हणाली होती.

“एवढा फोटो होऊन जाऊ दे. मग तू म्हणशील तसं.”

हे ‘मग’ तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तरी छत्रीला ती तयार झाली. फोटोच्या वेळी ती गर्दीत उजव्या बाजूला, त्याच्या चालू डोळ्याच्या आरशात दिसेल अशी उभी राहणार होती. त्याने उजवी रेषा धरून यायचं; छत्री मिटलेली असली की येत राहायचं, उघडली की भिंत आली, थांबायचं. जमलं नाही तर तो खचेल हे तिला दिसत होतं. आणि जमलं तर तो कधीच थांबणार नाही, हेही दिसत होतं. यातलं काय मागावं, तेच तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी मंडळाचं आवार धुतलेल्या ट्रकांनी भरलं होतं. बॉनेट इतकी चकचकीत, की माणसं त्यात बघून भांग पाडत होती. फोटोवाला उजेड जाईल म्हणून सगळ्यांच्या मागे लागला होता, आणि त्याचं कुणी ऐकत नव्हतं. सप्टेंबर महिना अध्यक्षांचा होता. त्यांची मान गेली तीन वर्षं आखडलेली, मागून हाक मारली तर कमरेपासून वळावं लागे. तरी ते ट्रक सरळ भिंतीपर्यंत घेऊन गेले आणि टाळ्या घेत उतरले. हिला नवल वाटलं, पण नवल करत बसायला तिला वेळ नव्हता. पुढचा महिना मोजपट्टीचा होता.

तिने जागा धरली. छत्री नीट मिटलेली आहे ना, हे पुन्हा एकदा पाहिलं. ट्रकने नाक पुढे काढलं, थांबला आणि मागे येऊ लागला. तेवढ्यात मंडळाचा चिटणीस तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. वयाने लहान, कामाला वाघ. मोजपट्टीचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून रेषा आखायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

“वहिनी,” तो समोरच बघत हळूच म्हणाला, “छत्री लागायची नाही.”

“ऊन लागतं मला.”

“ऊन कुठंय?” तो म्हणाला. “दादांना डावीकडचं दिसत नाही, ते आम्हाला कधीचं ठाऊक आहे. चहाचा कप डाव्या हाताला ठेवला की चाचपडतात. मी रेषा दोन्हीकडून वीत-वीत सरकवल्यात. डोळे मिटून आले तरी बसतील.”

तिला आधी हायसं वाटलं. दोन वर्षं जे गुपित ती एकटी छातीशी धरून होती, ते बाकी सगळ्यांनी आपापल्या खिशात जपून ठेवलं होतं, आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण पाठोपाठ तिला ती सायकल आठवली. म्हणजे आता हे जमणार. आणि उद्या पहाटे पुन्हा डबा, पुन्हा तो आरसा.

“असं का केलंत हो,” ती पुटपुटली.

चिटणिसाला वाटलं, ती आभार मानतेय.

ट्रक निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. छत्री मिटलेलीच होती. बघणाऱ्यांच्या गर्दीतून कुजबुज उठली. दार उघडलं आणि मोजपट्टी पायरीवरून उतरला. तो रेषेपाशी गेला. मग भिंतीकडे बघितलं. तो आखायचा तेव्हा उजवी रेषा भिंतीवरच्या गंजक्या पाइपाशी येऊन संपायची. आज ती पाइपाच्या पलीकडे गेली होती.

त्याने एका रेषेवर टाच टेकवली आणि पावलाला पाऊल लावून दुसऱ्या रेषेकडे निघाला. या माणसाने पंधरा वर्षं याच पावलांनी रेषा आखल्या होत्या. त्याच्यासाठी रेषा सरकवताना तो मोजेल, हे बाकीच्या एवढ्या जाणत्या मालकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“अकरा,” तो म्हणाला. “साडेनऊ पाहिजेत.”

चिटणीस आपल्या बुटांवरचा चुना न्याहाळू लागला.

“कधीपासून?”

“तीन वर्षं झाली, दादा.”

“तीन वर्षांपूर्वी माझा डोळा धड होता.”

“तेव्हा ते माझ्यासाठी होतं,” अध्यक्ष पुढे येत म्हणाले. “या मानेने मला ना रेषा दिसते ना भिंत. मी आपला उलटा गिअर टाकतो आणि देवाचं नाव घेतो. मागे धक्का बसला की समजायचं, भिंत आली.”

एकदोघांना हसू फुटलं, मग सगळेच हसले. मोजपट्टी हसला नाही. तो रेषेवर उभा राहून टोपी हातात फिरवत होता. ती गर्दीतून पुढे झाली, पण त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. आता काय होणार, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“मला डावीकडचं दिसत नाही,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, वजनकाट्यावर वजन सांगावं तसा. “डॉक्टरने ट्रक सोडायला सांगितलाय. मी सोडला नाही. मी हिला शेजारी बसवलं आणि हिच्या डोळ्यांवर दोन वर्षं चालवला. गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्या चाकाखाली येत होती. शाळेतली पोर. ही ओरडली म्हणून वाचली. मला ती दिसली नाही. निघून गेली तेव्हासुद्धा नाही.”

तिच्या डोळ्यांसमोर आवार धूसर झालं. त्याने हे मनात ठेवलं होतं तर. तिला वाटत होतं, तो विसरला.

“तेव्हा फोटो नको,” तो म्हणाला. “ऑक्टोबर दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“अरे, नियम काय दगडावर कोरलाय का?” अध्यक्ष म्हणाले. “तूच केलास, तूच मोड.”

“नियम असू दे जसा आहे तसा.”

“असू दे ना,” ती म्हणाली. मंडळाच्या आवारात ती प्रथमच सगळ्यांदेखत बोलत होती, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले, अध्यक्ष तर कमरेपासून. “रेषा साडेनऊवर घ्या. एका दमात नेऊ. पण दोघं मिळून. नाहीतरी दोन वर्षं हा ट्रक दोघांनीच चालवलाय. कॅलेंडरवर खोटं कशाला?”

मोजपट्टीने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग चिटणिसाकडे वळून म्हणाला, “चुन्याची बादली आण.”

जुन्या रेषा झाडूने पुसल्या. गुडघे कुरकुरत असतानाही नव्या त्याने स्वतः ओढल्या, पाइपापासून सुरू करून, पावलं मोजून. आवार रिकामं करायला लावलं, सगळ्यांना भिंतीच्या कडेला उभं केलं. मग दोघं आपापल्या बाजूने वर चढली. छत्री तिने जाताना फोटोवाल्याच्या हातात दिली.

काच खाली करून ती निम्मी बाहेर वाकली. आजवर जे केबिनमध्ये दबक्या आवाजात चालायचं, ते आज सगळ्यांना ऐकू जात होतं.

“येऊ द्या. डावीला एक वीत आहे. सरळ या. अहो, सरळ म्हटलं ना. येऊ द्या, येऊ द्या. चार बोटं. आता तुमच्या बाजूला थोडं. हां. येऊ द्या. बास.”

ट्रक भिंतीपासून हातभर अंतरावर थांबला. दोन्ही रेषा जशा ओढल्या तशा होत्या. टाळ्यांचा आवाज ऐकून शेजारच्या गोदामातली माणसं बाहेर आली. फोटोवाल्याने दोघांना बॉनेटच्या दोन बाजूंना उभं केलं, कारण त्याला चौकट भरायची होती. फोटोत तिचे डोळे लाल आले. त्याची टोपी वाकडी आली. ती सरळ कर, असं कुणी म्हटलं नाही.

सगळं उरकल्यावर मोजपट्टीने किल्ली खिशातून काढली, चिटणिसाच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

“घरी तू घेऊन चल. उद्यापासून चांगला ड्रायव्हर बघ माझ्यासाठी. डोळे तपासून घे त्याचे.”

तिने ‘मग’ची वाट बघितली. ते आलं नाही.

परतताना चिटणीस चालवायला बसला, डाव्या खिडकीशी मोजपट्टी, आणि ती मध्ये. मधल्या जागेवरून एकही आरसा दिसत नव्हता. पहिल्या चौकात तिची मान सवयीने डावीकडे गेली, तर मध्ये नवऱ्याचा खांदा आला. तिने मान परत घेतली. समोर नुसता रस्ता होता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि त्यांतलं काहीही तिने बघितलं नाही तरी चालणार होतं. दुसरा चौक यायच्या आत तिचं डोकं त्या खांद्यावर कलंडलं.

पुढे एक हातगाडी रस्ता अडवून चालली होती. चिटणिसाचा हात हॉर्नकडे गेला.

“नको,” मोजपट्टी जागचा न हलता म्हणाला. “खूप दिवसांनी झोपलीय.”

चिटणिसाने गिअर उतरवला, आणि तो अवजड ट्रक माणसाच्या चालीने हातगाडीमागून चालू लागला.