न गळणारी गाडी

हौस होती म्हणून गाडी घेतली, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. ते खोटं आहे. माझं चष्म्यांचं दुकान घरापासून चालत चार मिनिटांवर आहे आणि गाडीवर बसायला मी घाबरतो. गाडी घेतली ती बाबांसाठी.

बाबा मोटारसायकलींचे मिस्त्री. चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. मालकानं जागा परत घेतली आणि त्या दिवसापासून जे खिडकीपाशी बसले, ते तीन महिने जिना उतरले नाहीत. जेवण तर नावापुरतं. मला भीती वाटत होती, आणि ती उगाच नव्हती.

शोरूममध्ये जुन्या घाटणीची नवी गाडी होती. गोल दिवा, फुगीर टाकी, टाके घातलेली सीट. "सर, रूप आजोबांचं, आतलं सगळं आजचं!" विक्रेता म्हणाला. मी त्यातलं फक्त पहिलं अर्धं ऐकलं. घोडचूक झाली ती इथेच.

गाडी दारात आली. बाबांनी खिडकीतून वाकून पाहिलं आणि चक्क खाली उतरले. माझा जीव भांड्यात पडला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्यांनी विचारलं, "कार्ब्युरेटर कुठंय?"

"आता नसतो, बाबा."

"चोक?"

"नाही."

"किक?"

"बटण आहे."

"डोळस," गॅरेज सोडून चष्मे विकायला लागलो तेव्हापासून ते मला याच नावानं हाक मारतात, "मग हिला माणूस लागतो कशाला?"

तरी त्यांनी गाडी सुरू करायला लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरली. बराच वेळ ऐकलं. कुठेच खडखड नाही म्हटल्यावर चेहरा पडला. मग तेल गळतंय का ते बघायला खोक्याचा मोठा पुठ्ठा गाडीखाली अंथरला. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा. चौथ्या दिवशी बाबा उतरलेच नाहीत.

"ठणठणीत माणसाकडे डॉक्टरनं रोज जाऊन करायचं काय?" ते खिडकीतूनच म्हणाले.

"बाबांना काम हवं होतं," बायकोनं मला सुनावलं. "तुम्ही त्यांना शोभेची वस्तू आणून दिलीत." मला झोंबलं, कारण खरं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तो बायकोच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली खिशात घालूनच. पुठ्ठ्यावर तीन थेंब टाकले आणि येताना जिन्यातूनच ओरडलो, "बाबा, गळतंय!"

बाबा पान्यांची पेटी घेऊन अशा लगबगीनं उतरले की मीच भिंतीला चिकटलो. "म्हटलं नव्हतं? नुसता दिखावा!" दिवसभर त्यांनी कुठलेकुठले बोल्ट आवळले आणि त्या कंपनीच्या नावानं बोटं मोडली. रात्री दोनदा वाढून घेतलं. मी डोळे पुसायला ताटावरून उठलो.

मग रोज तीन थेंब आणि रोज दुरुस्ती. शेजारपाजारचे आपापल्या गाड्या दाखवायला येऊ लागले. तीन आठवडे असे मजेत गेले. इकडे बायको विचारू लागली, "मशीनचं तेल घरात पितंय कोण?"

एका सकाळी दूध घेऊन परतलो तर बाबा आधीच खाली. थेंबात बोट बुडवून त्यांनी ते नाकाशी नेलं.

"शिलाई मशीनचं," ते म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली. "कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. चाळीस वर्षं नाक काय भाड्यानं दिलं होतं?"

"मग रोज काय आवळत होता?"

"आदल्या दिवशी सैल केलेलं." त्यांनी बोट फडक्याला पुसलं. "वरच्या खिडकीतून सगळं दिसतं. पोरगा रोज सकाळी माझ्यासाठी गाडीखाली वाकतो, आणि मी उतरायचं नाही?"

बाबांनी पान्यांची पेटी उघडली.

"उद्यापासून जरा पुढं टाक. नंबरप्लेटखाली इंजिन नसतं. लोक बघतात, मला लाज वाटते."