झेललेली ओळ

"पऱ्हं निघालं बांधीले, सोबत त्याच्या कोण?"

हा आवाज बाबाचा, देवाजीचा. ब्याऐंशी वर्षं झाली, पण गोदावरीबाईच्या कानातून तो गेला नाही. बेचाळीसचा श्रावण होता. लाखनीकडच्या गावागावांत फिरून 'मार खा, पण हात उगारू नका' असं सांगणाऱ्या बाबावर वॉरंट निघालं होतं. तीन दिवस तो तळ्याच्या पाळीवर बांबूच्या रांजीत, दाट बेटात, लपून होता. धानाची रोवणी करणाऱ्या बाया दूर खालच्या बांधीत, भातखाचरात, होत्या. सात वर्षांची गोदा पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी आणायला पाळीवरून एकटीच चालली होती. लेक दिसली आणि उपाशी बापाला राहवलं नाही. श्वासाएवढ्या आवाजात त्यानं रोवणीचं गाणं टाकलं.

कोणी ओळ टाकली की ऐकणाऱ्यानं ती झेलायची, अधांतरी सोडायची नाही, ही त्या शिवाराची रीत. गोदानं गळा मोकळा सोडून झेलली, "सोबत त्याच्या पाणी बाई, पाण्यासंगं ऊन."

मोहाच्या झाडाखाली शिपाई टेकले होते. त्यांच्या माना वळल्या. बाबा आपणहून हात जोडून बाहेर आला. सातव्या महिन्यात तुरुंगातून त्याचं धोतर तेवढं घरी आलं.

गावानं मात्र भलतंच धरलं. त्या दिवशी शिपायांना गावातल्याच तुलारामनं आपल्या घागरीतलं पाणी पाजलं होतं. शिपाई असला तरी तहानलेल्याला पाणी द्या, हे देवाजीचंच सांगणं. तुलारामनं ते ऐकलं आणि देवाजीचा ठिकाणा सांगणारा फितूर ठरला. त्याच्यावर कोणी हात उगारला नाही. देवाजीची शिकवण होती. फक्त त्याच्या घरचं पाणी कोणी प्यालं नाही, त्याच्या बांधीत रोवणीला कोणी गेलं नाही. त्याची बायको एकटीच चिखलात वाकून गायची. एक ओळ टाकायची, थोडं थांबायची, मग आपली आपणच झेलायची. पलीकडच्या बांधीतून गोदा ते ऐकायची. आधी भीतीनं तिचं तोंड मिटलं. पुढं देवाजीची लेक म्हणून शाळेत, सत्कारात पहिल्या रांगेत खुर्ची मिळू लागली, आणि त्या खुर्चीनं ते मिटलेलंच ठेवलं.

यंदा पंधरा ऑगस्टला चौकात देवाजीचा पुतळा बसणार होता. सरपंच भुपेंद्र घरोघरी आमंत्रण देत फिरला, फक्त तुलारामच्या लेकीचं, कुंताबाईचं दार सोडून. गोदावरीबाईच्या नातीनं, टीनानं, असं काहून म्हणून विचारलं, तर तो हसत म्हणाला, "म्हातारी पुतळा पाहून पोलिसाले फोन लावन ना."

ओसरीवरचे सगळे हसले. गोदावरीबाई तिथंच जेवत होती. ताट तसंच सारून ती टीनाच्या हाताला धरून निघाली.

कुंताबाई दारात सुपातले तांदूळ निवडत होती. डोळ्यांनी जेमतेम दिसायचं, बोटंच खडे शोधायची. मी गोदा, असं ऐकताच बोटं थांबली.

"देवाजीबाबाची लेक? रस्ता चुकली का व बाई?"

गोदावरीबाईनं पाणी मागितलं. कुंताबाईला आत बराच वेळ लागला. गिलास तीनदा विसळल्याचा आवाज आला. गोदावरीबाई प्यायली, तेव्हा कुंताबाई घोटन्‌घोट ऐकत राहिली. मग न विचारताच बोलू लागली. पवनी गावी जुळलेलं तिचं लग्न इथल्याच कोणी मोडलं, मायनं रोवणीतच कंबर घालवली, सगळं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही.

"मरताना बाबाच्या तोंडाले पाणी लावलं, तं त्यानं मान फिरवली. म्हणे, पाण्यानंच घात केला." तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आता मलेही वाटते गोदा, बाबानंच सांगितलं असन. एवढा मोठा गाव खोटा कसा राहीन?"

गोदावरीबाईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. दाराबाहेर उभ्या टीनाला जवळ बोलावलं, तूही ऐक म्हणाली.

"तुया बाबानं नाही सांगितलं, कुंते. माया बाबानं हळूच गाणं टाकलं, मी मोठ्यानं झेललं, थेच शिपायानं ऐकलं. तवा लहान होती, थे चुकी देव माफ करन. पण तवापासून मले मालूम होतं. तुयी माय एकटी गात होती अन् मी ऐकून चूप राहिली. काहून, तं मले देवाजीची लेक म्हणून मिरवाचं होतं."