थोरलीने शिवलेली कव्हरं

धाकट्याने आपली जुनी गाडी बहिणीला विकली, तेव्हा नातेवाइकांत त्याचं फार कौतुक झालं. बाहेरच्या गिऱ्हाइकाने जास्त दिले असते, पण घरातली वस्तू घरात राहावी, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याने आईच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात नीट लक्षात ठेवायला हवा. पुढे जे झालं, त्यात सगळ्यात जास्त चीड त्याचीच यावी असं होतं.

थोरलीला गाडीची हौस नव्हती. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आई थोरलीकडेच राहत होती. धाकट्याच्या घरात पायऱ्या फार, असं ठरलं होतं. कोणी ठरवलं ते विचारण्यात अर्थ नाही. आठवड्यातून तीनदा आईला व्यायामासाठी दवाखान्यात न्यावं लागे. बसच्या पायऱ्या उंच, आणि टॅक्सीवाले वॉकर घेऊन उभी असलेली म्हातारी दिसली की गाडी तशीच पुढे काढत. व्यायाम चुकले तर पाय आखडेल, आणि पुन्हा पडल्या तर या वयात दुसरं ऑपरेशन मी करणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई चालणार की अंथरुणाला खिळणार, हे त्या गाडीवर होतं. थोरली कपडे शिवून घर चालवणारी बाई. एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी चार वर्षं साठवलेले पैसे तिने काढले आणि भावाच्या हातावर ठेवले.

गाडी बघताना माणूस आपल्याला जे कळतं तेच बघतो. थोरलीचा नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. त्याने गाडीतलं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे हे हेरलं, ते नीट लावलं आणि सगळी गाडी तपासल्यासारखा समाधानाने बाजूला झाला. आईने दाराची उंची पाहिली आणि आपला पाय पाहिला. थोरलीने सीटची कव्हरं पाहिली.

कव्हरं तिनेच शिवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी धाकटा जुनी कव्हरं मापाला घेऊन आला होता, तीही धुऊन, इस्त्री करून. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या शर्टाला इस्त्री लावली नाही, त्याने सीटच्या कव्हरांना लावावी याचं तिला तेव्हा हसू आलं होतं. तिने जाड तपकिरी कापड आणलं, दुहेरी शिवण मारली, कडेने पायपिंग लावली आणि शिलाई घेतली नाही. भावाकडून शिलाई घ्यायची असते का? बसवायला येते म्हणाली, तर तो म्हणाला, आम्ही बसवतो, तू कशाला त्रास घेतेस.

आता तीच कव्हरं समोर अशी चापूनचोपून बसलेली दिसली आणि थोरलीचा ऊर भरून आला. तिने आपल्याच शिवणीवरून बोट फिरवलं, आणि पुढे काही बघायचं तिला सुचलंच नाही. फक्त खालची कड तिला खटकली. तिथे भावजयीने हाताने टाके घालून कव्हर बंद केलं होतं, आणि टाके असे की पहिल्या दिवशी सुई धरणाऱ्या पोरीनेही लाजावं. कात्री दे, पाच मिनिटांत उसवून नीट घालून देते, असं थोरली म्हणाली. धाकटा आणि भावजय दोघं एकदम म्हणाले, राहू दे. त्या दोघांचं कशावर एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं, पण थोरलीला वाटलं, भावजय ओशाळली असेल. दुसरीच्या टाक्यांना नावं ठेवू नयेत, म्हणून तिने विषय सोडला.

पहिल्याच आठवड्यात लख्ख उन्हात काचेवरचे वायपर आपोआप फिरायला लागले आणि थांबेनात.

"माहेरची आठवण येत असेल," थोरलीचा नवरा म्हणाला. "डोळे पुसतेय."

सगळे हसले. मग एकदा गाडी उभी असताना तिचा हॉर्न वाजायला लागला, आणि शेजारच्यांनी खिडक्यांतून डोकी काढेपर्यंत वाजत राहिला. मग आईच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना, आणि आई डोक्यावरून शाल घेऊन दवाखान्यात गेली. आत एक वास येई, न वाळता घडी घातलेल्या कपड्यांचा. भावजयीने आरशाला अत्तराच्या दोन-दोन बाटल्या का टांगल्या होत्या, हे तेव्हाच कळायला हवं होतं. पण काखेत कळसा असला की गावाला वळसा पडतोच. थोरली वास घालवायला दारं उघडी टाकून बसे आणि धाकट्याला फोन करी. तो दर वेळी हसून सांगे की जुनी गाडी आहे, तिला थोडं समजून घ्यावं लागतं, आणि चालवणाऱ्याच्या हातावरही असतं. हे त्याने कोणाला सांगावं? लग्नाआधी सात वर्षं लॉंड्रीची व्हॅन चालवून जिने एक ओरखडा पडू दिला नव्हता, तिला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जाई, पण आई पलीकडे बसलेली असे, म्हणून ती फोन हळूच ठेवी. गाडीचे कागद नावावर करून द्यायचे होते, तेही पुढच्या आठवड्यावर जात होते. वर आता स्वतःला घेतलेल्या नव्या गाडीलाही कव्हरं शिवून दे म्हणून त्याने मापं पाठवली होती.

मग तो मंगळवार आला. मोठ्या चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. दिवे गेले, स्टिअरिंग दगडासारखं झालं, आणि दारांना आपोआप कुलूप लागलं. थोरलीने दांडी ओढली, बटणं दाबली, दार काही उघडेना. मागून एक ट्रक येत होता. आई शेजारी वॉकर पोटाशी धरून बसली होती. ट्रकवाल्याने अगदी जवळ येऊन ब्रेक दाबला, चार शिव्या घातल्या, मग म्हातारीला पाहून खाली उतरला आणि एकट्याने गाडी ढकलून कडेला लावली. आईच्या बाजूच्या उघड्या खिडकीतून हात घालून त्यानेच अडकलेला खटका जोर लावून वर केला. जी काच वर येत नाही म्हणून महिनाभर चडफड झाली, तिच्यामुळे माणसं बाहेर निघाली.

गॅरेजवाला कमी बोलणारा म्हातारा होता. त्याने पायाखालची चटई उचलली, खालचं कापड सोडवलं आणि बोटाने वाळलेला चिखल खरवडून थोरलीला दाखवला. मग सीटची कव्हरं काढायला सांगितली.

"ती मी शिवलीयत," थोरली म्हणाली. का म्हणाली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मग तुम्हीच काढा."

पर्समध्ये छोटी कात्री असतेच. भावजयीचे टाके कात्री लावण्याच्याही लायकीचे नव्हते. एक दोरा ओढला आणि सगळी कड सुटली. थोरलीने कव्हर वर केलं. आतल्या सीटच्या पाठीवर एक पिवळट रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, खडूने माप आखल्यासारखी. दुसऱ्या सीटवरही तेवढ्याच उंचीवर. मागच्या सीटवरही.

"गाडी बुडाली होती, बाई," गॅरेजवाला म्हणाला. "दोन दिवस तरी पाण्यात असणार. वायरी आतून सडल्यात. आज नुसती बंद पडली. उद्या पेट घेईल. ह्यात कोणाला बसवू नका."

थोरलीला गेल्या वर्षीचं जेवण आठवलं. धाकट्याच्या ऑफिसच्या तळघरात पाण्याचा मोठा पाइप फुटला होता, आणि साहेबांचे बूट कसे तरंगत गेले ते त्याने नकला करून सांगितलं होतं. हसून हसून आईला ठसका लागला होता. त्याने बूट सांगितले, फायली सांगितल्या, पोहायला निघालेला पहारेकरी सांगितला. आपली गाडी त्या दिवशी कुठे उभी होती, तेवढंच नाही सांगितलं.

बुडालेली गाडी परक्याच्या गळ्यात मारणं हेसुद्धा पापच. पण त्या गाडीत कोण बसणार हे याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने पैसे मोजून घेतले आणि आईच्या पाठीवरून हात फिरवला. आणि रेघ झाकायला त्याला बाजारात कव्हरं मिळत नव्हती असं नाही; बहीण फुकट शिवते, आणि स्वतः शिवलेलं कव्हर ती कधी वर करून बघणार नाही, एवढा हिशेब त्याने केला होता. केसाने गळा कापतात असं म्हणतात. इथे दोरासुद्धा तिचाच होता. थोरली गॅरेजच्या तेलकट बाकावर बसली आणि रागाने रडली, आणि गॅरेजवाला मुकाट्याने चटया परत घालत राहिला.

घरी तिने सगळं सांगितलं, नवऱ्याला आणि आईला. नवऱ्याला या खेपेला काही विनोद सुचला नाही. आईने ऐकून घेतलं. आई आता काय म्हणणार ते थोरलीला पाठ होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, जाऊ दे, लहान आहे. धाकटा पंचेचाळिशीला आला तरी लहानच होता. पण आई एवढंच म्हणाली की उद्या मलाही त्याच्या घरी यायचंय, व्यायाम दहाला आहे, त्याआधी जाऊ.

गॅरेजवाल्याने तात्पुरती दोन तारा जोडून गाडी सुरू करून दिली. थोरलीने ती एकटीने नेली, आणि आई जावयाबरोबर टॅक्सीने मागून आली. धाकट्याच्या घराच्या फाटकात गाडीचं तोंड आत शिरलं आणि तिथेच ती मेली. अर्धी आत, अर्धी बाहेर. आत नवी गाडी धुऊन पुसून उभी होती.

धाकटा ऑफिसला निघाला होता, पांढऱ्या पँटमध्ये. फाटकात गाडी कशाला लावलीस, असं त्याने विचारलं. थोरलीने चारही दारं उघडली. आत सीट उघड्या होत्या, तीन सीटवर तीन रेघा, आणि काढलेली कव्हरं घडी घालून मागे ठेवलेली. दारात आलेल्या भावजयीने ती घडी पाहिली आणि पदराशी चाळा करत उभी राहिली.

मग धाकटा जे बोलला त्याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. गॅरेजवाल्यांचा धंदाच घाबरवण्याचा असतो, कोणीही काहीही सांगावं आणि तू ऐकावंस, सख्ख्या भावावर असा संशय घेताना तुला काही वाटलं नाही का. थोडंसं पाणी लागलं असेल कधीतरी, पण गाडी एकदम सुरक्षित आहे.

"नसती तर मी आईला बसू दिलं असतं का हिच्यात?" तो म्हणाला.

तोवर आई टॅक्सीतून उतरली होती. तिने जावयाला टॅक्सी परत पाठवायला सांगितली आणि वॉकर टेकत टेकत फाटकापर्यंत आली.

"दहाला व्यायाम आहे माझा," ती धाकट्याला म्हणाली. "आज तू सोड."

धाकट्याचा चेहरा खुलला. भांडणातून वाट निघाली असं त्याला वाटलं. सोडतो की, थांब, माझी गाडी काढतो, असं म्हणत त्याने खिशातून किल्ली काढली.

"तुझी कशाला? हीच घे."

आणि दवाखान्यात शिकवलं होतं तशी आई जुन्या गाडीच्या उघड्या सीटवर आधी पाठमोरी टेकली, मग एकेक पाय उचलून आत घेतला. आई, नको, म्हणत थोरली पुढे झाली. आईने तिच्याकडे न बघता तिला हाताने थांबवलं. तिने पट्टा ओढून लावला आणि पाठ त्या रेघेला टेकून समोर बघत बसली.

धाकटा जागचा हलेना. गाडी सुरू होत नाही, असं त्याने म्हणून पाहिलं.

"करून तर बघ," आई म्हणाली.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"आई, उतर," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. "ह्यात नको बसूस."

"का?"

"पेट घेईल कधीतरी. तारा गेल्यात तिच्या."

"मला नको सांगूस," आई म्हणाली. "हिला सांग. गाडी तिने घेतलीय."

त्याने तेच थोरलीकडे तोंड करून पुन्हा म्हटलं. मान वर केली नाही, पण म्हटलं. पैसे संध्याकाळपर्यंत देतो, असंही म्हणाला. थोरलीला वाटलं होतं, हे ऐकून राग जरा उतरेल. तो काही उतरला नाही.

आईने उतरून हात पुढे केला आणि नव्या गाडीची किल्ली मागितली. त्याने दिली. तिने ती थोरलीच्या हातात ठेवली आणि व्यायाम संपून आपण नीट चालायला लागेपर्यंत ही गाडी थोरलीकडे राहील, असं सांगितलं. पण फाटकात जुनी गाडी अडकलेली होती. ती मागे ढकलल्याशिवाय नवी निघणार नव्हती, आणि ढकलायला एकटा धाकटाच होता, कारण थोरलीच्या नवऱ्याने मनगटावरच्या घड्याळाला चावी द्यायला घेतली होती. पांढऱ्या पँटवर काळे डाग पडेपर्यंत धाकट्याने गाडी ढकलली आणि रस्त्याच्या कडेला लावली.

भावजयीने कव्हरांच्या घडीला हात घातला, तशी थोरलीने ती काढून घेतली.

"कापड माझं आहे," ती म्हणाली.

मग तिने नवी गाडी फाटकाशी आणली. धाकट्याने धावत येऊन आईसाठी दार उघडलं आणि तिच्या कोपराला हात लावायला गेला. आईने हात बाजूला केला. बसण्याआधी तिने वॉकरच्या टोकाने पायाखालची चटई उचलली, वाकून खाली नीट बघितलं आणि मगच आत बसली. धाकटा दार धरून तसाच उभा होता.